खारघरच्या पांढऱ्या शिखरांमागे

नवी मुंबईतल्या खारघरमध्ये पत्ता म्हणजे सेक्टरचा आकडा. सेक्टर २३ मात्र आता आकड्याने कमीच सांगतात. रिक्षात बसायचं आणि नुसतं 'इस्कॉन' म्हणायचं. सेंट्रल पार्कच्या बाजूने आत आलं की डोंगरापुढे पांढरी शिखरं दिसतात. पावसाळ्यात ढग खाली उतरले की ती पुसली जातात, सर ओसरली की पुन्हा उमटतात.

इस्कॉन या कृष्णभक्तीच्या संस्थेचं हे राधा-मदनमोहन मंदिर १५ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते खुलं झालं. जागा ९ एकर. काम सुमारे १२ वर्षं चाललं. त्याची मुळं मात्र जुहूत आहेत. भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद १९६५ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, कोलकात्याहून मालवाहू बोटीने अमेरिकेला गेले आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी इस्कॉनची स्थापना केली. मुंबईत मोठं मंदिर व्हावं हा त्यांचा ध्यास. जुहूच्या जागेसाठी ते वर्षानुवर्षं झगडले. तिथलं तात्पुरतं मंदिर पाडण्याचाही प्रयत्न झाला. अखेर जानेवारी १९७८ मध्ये मंदिर उघडलं, पण प्रभुपादांनी त्याआधीच, नोव्हेंबर १९७७ मध्ये, वृंदावनात देह ठेवला होता. जुहूला गेलं की हे आठवून आजही गलबलतं.

जुहूत आता एवढी जमीन कुठली मिळायला! ती खारघरला मिळाली, कारण हे शहरच आधी कागदावर आखलेलं. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेती, मिठागरं नव्या शहरासाठी घेतली गेली. त्याची किंमत इथल्या आगरी-कोळ्यांनी मोजली. जानेवारी १९८४ मध्ये भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची योजना आली ती या लढ्यातून.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून सेंट्रल पार्क स्टेशनवर उतरून मंदिराकडे येणं सोपं झालं आहे. लांबून येणाऱ्यांनी वाटेत एखाद्या जुन्या गावठाणातही शिरावं. टॉवरांच्या सावलीत गावदेवीचं बुटकं देऊळ असतं, मूर्तीला ताजा शेंदूर, पायाशी झेंडूची दोन फुलं. खारघरचा देव कोणता असं कुणी विचारलं, तर मी आधी तिचंच नाव घेईन.