नाणी किती ठेवायची, ते पाऊस ठरवतो

आज्जांच्या पत्र्याच्या डब्यात बारा राणीछाप रुपये होते. एकावर एक रचलेले, वरून-खालून रबर आवळलेलं आणि सगळ्याला जुन्या वर्तमानपत्राची पुडी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या घराची कौलं उतरवायची वेळ आली तेव्हा माळ्यावरचा तो डबा खाली आला. रबर वाळून त्याचे तुकडे पडले होते. मधले दहा रुपये बऱ्यापैकी शाबूत. पण सगळ्यात वरच्या रुपयावर राणीच्या कपाळापासून मानेपर्यंत काळी कुळकुळीत रेघ, रबराच्या रुंदीची. सगळ्यात खालच्यावरही तशीच.

ओल्या फडक्यानं पुसून बघितलं. जाईना. रबर चिवट व्हावं म्हणून कारखान्यात त्यात गंधक घालतात. ते गंधक हळूहळू सुटत राहतं आणि चांदीला भेटलं की दोघांचं मिळून सिल्व्हर सल्फाइड होतं. ती काळी रेघ म्हणजे रुपयाचीच चांदी, रूप पालटलेली. घासून काढली तर तेवढी चांदी नाण्यावरून जाते, आणि तिच्याबरोबर राणीच्या केसांतल्या बारीक रेषाही.

गंधक फक्त रबरात असतं असं नाही. लोकरीच्या कापडात असतं, हलक्या कागदात असतं, गटाराच्या वासात असतं. हवेतल्या जेमतेम गंधकानंही चांदीवर थर चढतो, पण तो सावकाश आणि सगळीकडे सारखा. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा झाला की त्यात रंग दिसायला लागतात: आधी फिकट सोनेरी, मग जांभळट, मग निळा. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तसेच, कारणही तेच. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग उठतात, काही मरतात. जुन्या नाण्याचे जाणकार हा रंग जपतात. आपल्याकडे तो दिसला की हात रांगोळीकडे जातो.

आमच्या घरी तो चिंचेकडे गेला. त्याच डब्यात पाच शिवराया होत्या. तांब्याच्या, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, अक्षरं ठोकताना निम्मी बाहेर गेलेली. दिवाळी तोंडावर होती. आज्जी म्हणाली, “चिंच-मीठ लाव की जरा, लख्ख हुतंय बघ.” लावलं. लख्ख झालं. लक्ष्मीपूजनाला पाचही नाणी ताटात दूध, हळद, कुंकू घेऊन चमकत बसली.

पुढच्या पावसाळ्यानंतर डबा उघडला तर तीन शिवरायांवर फिकट हिरवी भुकटी. ‘छत्रपति’च्या ‘ति’च्या वळणात तर टाचणीनं टोकरलं की पिठासारखी गळत होती. खाली तांब्याला बारीक खड्डा.

हे काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण सीमाभागातल्या निम्म्या घरांत तांब्याची भांडी याच पद्धतीनं घासतात आणि भांड्यांचं काही बिघडत नाही. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा तपकिरी ऑक्साइड विरघळवतं. मिठातला क्लोराइड त्याला मदत करतो, म्हणूनच नुसत्या चिंचेपेक्षा चिंच-मीठ भारी. भांडं आपण धुतो, वापरतो, परत घासतो. नाण्याचं तसं नसतं. दोन-तीनशे वर्षं हातोहात फिरलेल्या नाण्याला चिरा असतात, खळगे असतात. त्यात क्लोराइड अडकून राहतो. तांब्याशी मिळून त्याचं क्युप्रस क्लोराइड होतं, आणि ते कोरडं असेतोवर निपचित पडून राहतं.

ओल लागली की खेळ सुरू. क्युप्रस क्लोराइड हवेतला ऑक्सिजन आणि पाणी घेतं. त्यातून ती हिरवी भुकटी तयार होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल. ते आम्ल शेजारचं ताजं तांबं खातं, त्याचं पुन्हा क्युप्रस क्लोराइड, पुन्हा ओल, पुन्हा भुकटी. क्लोराइड संपत नाही, तो फक्त पुढे सरकतो. संग्रहालयातली माणसं याला काशाचा रोग, म्हणजे ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. जंतूबिंतू काही नसतो, पण रोगासारखा पसरतो हे खरं. आणि क्लोराइड यायला मीठच हवं असंही नाही. घामात तो असतोच. नाणं कडेला धरायचं, तोंडावर बोट ठेवायचं नाही, हा नियम त्यासाठी.

सगळा हिरवा रंग मात्र वाईट नाही. गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा-तपकिरी थर नाण्याचं कवच असतो; त्याला हात लावू नये. फिकट, पिठूळ आणि गळणारा असेल तरच काळजी.

हा रोग साधारण ४०–४५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खाली शांत राहतो. आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत पावसाळाभर भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या. तिथून ईशान्येला अथणीकडे गेलं की पर्जन्यछाया, पाऊस थोडाच. एकच जिल्हा, एकच नाणं, पण एका घरात ते गळेल आणि दुसऱ्या घरात नातवंडांपर्यंत टिकेल. बेळगाव शहर मधोमध. जूनच्या मध्यापासून चार महिने कणकुंबीच्या बाजूचं.

शिवाय आपण नाणी ठेवतो कुठं? लोखंडी कपाटात, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं. हवा १० अंशांनी थंड झाली की तिची वाफ धरायची ताकद जवळपास निम्मी होते. रात्री भिंत गार, भिंतीमुळे कपाटाची पाठ गार, आणि आतली हवा, जिची आर्द्रता खोलीत ७० टक्क्यांवर होती, ती पाठीजवळ दव पडायच्या बेतात येते. कपाट चार बोटं पुढं ओढलं आणि नाण्यांचा डबा मधल्या कप्प्यात ठेवला तरी बराच फरक पडतो. फुकटचा उपाय आहे, म्हणून कुणी करत नाही.

सिलिका जेलच्या पुड्या बऱ्याच जणांना माहीत असतात. बुटांच्या खोक्यात येतात त्या. पण कपाटाच्या कोपऱ्यात पुडी टाकली म्हणजे ती अख्खं खानापूर वाळवायला निघते आणि दोन दिवसांत भरून बसते. घट्ट झाकणाच्या डब्यातच तिचा उपयोग. रंग बदलणारे खडे घ्यावेत. निळे गुलाबी झाले किंवा केशरी हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर तापवून परत वापरता येतात. निळ्या खड्यांत कोबाल्ट असतो, तो विषारी. पोरांच्या हाती देऊ नयेत आणि स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नयेत.

आमच्या संग्रहाचं दुसरं मोठं नुकसान मीच पैसे देऊन विकत आणलं. मऊ, लवचीक, छान पारदर्शक खिशांचा अल्बम. उघडला की नव्या रेनकोटचा वास. तीन वर्षांनी त्यातल्या तांबं-निकेलच्या आठ आण्यांवर हिरवट चिकट लेप आला. तो वास हीच खूण होती. पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक. मऊ व्हावं म्हणून त्यात तेलकट रसायनं घालतात. ती बाहेर झिरपतात, आणि पीव्हीसी स्वतःही उष्णतेनं, उजेडानं झिजताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. म्हणजे चिंच-मिठाचाच भाऊ, फक्त हळू चालीचा.

प्लास्टिक कुठलं ते ओळखायची एक जुनी चाचणी आहे. पकडीत तांब्याची तार धरून ज्योतीत लाल करायची. ज्योतीचा रंग साधा झाला की तार अल्बमच्या कोपऱ्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. लख्ख हिरवी ज्योत उठली तर त्यात क्लोरीन आहे. मी हे परसात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून केलं. धूर घशाला झोंबतो, घरात करू नये. ज्योत दिवाळीतल्या फुलबाजीसारखी हिरवी झाली आणि अल्बम केराच्या टोपलीत गेला. लेप ताजा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून निघतो, खिडकी उघडी आणि शेगडी लांब ठेवून. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत रंग-सुगंध मिसळलेले असतात, ती नको. लेपानं धातू खाल्लेला असेल तर मात्र खूण राहते.

आता नाणी पॉलिप्रॉपिलीनच्या खिशात किंवा पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटीत, जिच्या खिडकीला पॉलिएस्टरचा पापुद्रा असतो. चौकटीच्या स्टेपलरच्या पिना पकडीनं चेपून सपाट कराव्यात, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे.

संग्रह आवाक्याबाहेर जातो त्याचं कारण गणितात सापडतं. समजा, तुम्ही ठरवलं की दहा वर्षांचे एक रुपयाचे शिक्के जमवायचे, चारही टांकसाळींचे. साल खाली बघायचं: पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. ४० प्रकार झाले. किराणा दुकानाच्या बरणीत ते सगळे सारख्या प्रमाणात आहेत असं धरू. पहिले २० प्रकार सरासरी २७ नाण्यांत हाती लागतात. माणूस खूश. पण सगळे ४० मिळायला सरासरी १७१ नाणी पारखावी लागतात, आणि त्यातली ४० एकट्या शेवटच्या प्रकारासाठी. बाकीची १३१ दुबार. ती परत देववत नाहीत, “असू दे की, नंतर बघू” म्हणत डब्यात पडतात. प्रत्यक्षात काही सालांची नाणी कमी पाडलेली असतात, तेव्हा आकडा आणखी चढतो.

हेच १० प्रकार धरले तर सरासरी २९ नाण्यांत काम होतं. प्रकार चौपट, कष्ट जवळपास सहापट. लोक विचारतात, तुमच्याकडे किती नाणी? बहुतेकांच्या डब्यातलं वजन दुबार चिल्लरीचं असतं.

म्हणून विषय आखूड ठेवावा असं माझं मत, आणि आपल्या भागात आखूड पण रसाळ विषयांना तोटा नाही. गोवा मुक्त झाला १९६१ला. त्याआधी जेमतेम दोन-तीन वर्षं तिथं एस्कुदो हे पोर्तुगीज चलन आलं होतं. १९५८-५९ची नाणी सहाच किमतींची: १०, ३० आणि ६० सेंतावो, आणि १, ३, ६ एस्कुदो. सहा हा आकडा विचित्र वाटतो, पण जुना गोव्याचा रुपया म्हणजे ६ एस्कुदो असा भाव लावला होता. सहा नाण्यांत एक राजवट संपते. माझी त्यातली चार जांबोटीच्या बाजूच्या एका घरातून आली, चिवड्याच्या बरणीतून. किंवा नये पैसे घ्या: १ एप्रिल १९५७ला दशमान आलं आणि १९६४ला ‘नया’ गळून पडला. चवली, पावली, अधेली बोलत मोठ्या झालेल्या माणसांना हिशेब नव्यानं शिकावा लागला तो काळ एका पुठ्ठ्यावर मावतो.

होनाचा मोह मात्र मी आवरला. शब्द कन्नडातल्या ‘होन्नु’वरून, म्हणजे सोनं, त्यावर या मातीचा हक्क आहेच, पण खोट्या होनांनी बाजार भरलाय. आणि हलशीकडे कदंबांची राजधानी होती म्हणून कुणी “शेतात सापडलं” म्हणत काही आणलं तर हात जोडावेत. जमिनीत सापडलेलं मोलाचं काहीही जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसा कायदाच आहे.

ठेवताना मी आता राजवटीऐवजी धातू बघतो, कारण प्रत्येकाचा वैरी वेगळा. चांदीला गंधक, तांब्याला मीठ. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन-पाच पैशांना चुना: आज्जीच्या पानाच्या डब्यातले दोन पैसे चाळणीसारखे झाले होते, ओल्या चुन्याचा अल्क त्यांच्यावरचं संरक्षक ऑक्साइडचं कवच विरघळवतो. चाळायला लोहचुंबक पुरतो. १९४७चा शुद्ध निकेलचा रुपया टक्कन चिकटतो, तांबं-निकेलचं नाणं ढिम्म हलत नाही, आणि आताचं स्टील चिकटतं.

माझा संग्रह सध्या १४० नाण्यांचा आहे. हा आकडा असा निघाला: दसरा-दिवाळीच्या मधल्या एका कोरड्या दुपारी, जेवल्यापासून चहापर्यंत, भिंगाखाली एकेक नाणं दोन्ही बाजूंनी बघून परत ठेवता येतात ती एवढीच. जास्तीची चुलतभावंडांत वाटली. एकानं गावदेवीच्या पेटीत टाकली म्हणे.

त्या तीन शिवराया वेगळ्या डब्यात आहेत, जेलच्या खड्यांसोबत, प्रत्येकीखाली पांढऱ्या कागदाचा चौकोन. भुकटी गळली तर कागदावर दिसावी म्हणून. गेल्या ऑक्टोबरला दोन कागद स्वच्छ होते. तिसऱ्यावर, ‘ति’च्या बरोबर खाली, मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. मी कागद बदलला, तारीख लिहिली आणि खडे तापवायला घेतले.