आरव्हीतली वीज: खांबाला प्लग लावला की सगळं चालतं असं नाही

अमेरिकेत आरव्ही (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन नॅशनल पार्क फिरणारी मराठी मंडळी आता बरीच दिसतात, आणि गाडी ताब्यात घेताना संडासाची टाकी कशी रिकामी करायची ते सगळे नीट विचारून घेतात पण विजेचं कोणी विचारत नाही. मला वाटतं आधी तेच विचारायला हवं, कारण गाडीत दोन वेगळ्या विजा असतात, १२ व्होल्ट डीसी (बॅटरीची) आणि १२० व्होल्ट एसी (घरात असते तशी). दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतं. एसी (म्हणजे एअर कंडिशनर), मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट यांना १२० व्होल्ट लागतात, ते एकतर कॅम्पग्राउंडच्या खांबावरून येतात (यालाच शोअर पॉवर म्हणतात), नाहीतर जनरेटर किंवा इन्व्हर्टरमधून.

आता खांबाचं गणित. ३० अँपचं कनेक्शन म्हणजे ३० गुणिले १२०, फक्त ३६०० वॅट. छतावरचा १३,५०० बीटीयूचा (हे थंड करण्याच्या ताकदीचं माप) एसी १२-१३ अँप खातो, मायक्रोवेव्ह साधारण तेवढेच, आणि बॅटरी उतरलेली असेल तर चार्जर अजून ७-८ अँप ओढतो. झाले ३० च्या वर! गंमत म्हणजे ब्रेकर लगेच पडत नाही, थोडाच जास्त लोड असेल तर तो आतून तापत जातो आणि काही मिनिटांनी पडतो, त्यामुळे लोकांना वाटतं खांबच खराब आहे. ५० अँपचं कनेक्शन मात्र ३० च्या दुप्पट नाही बरं का, त्यात १२० व्होल्टच्या दोन लाइन असतात, प्रत्येकी ५० अँप, म्हणजे एकूण १२,००० वॅट, तिपटीहून जास्त.

चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये (इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात) खांबावरून किती अँप घ्यायचे ती लिमिट सेट करता येते. ३० अँपच्या खांबावर ती ३० ठेवली की एसी नि मायक्रोवेव्ह एकदम चालू झाले तर चार्जर आपोआप हात आखडता घेतो, काही मॉडेल तर कमी पडलेली पॉवर बॅटरीतून घालतात. पण मित्राच्या घरासमोर गाडी लावून अडॅप्टरने साध्या १५ अँपच्या सॉकेटला जोडली तर ही लिमिट आधी खाली आणायची, हे फार जण विसरतात आणि मग घरातला ब्रेकर पडतो.

इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. आपल्याकडे घरी लाइट गेली की रिले (आपोआप बदलणारा स्विच) टक् करतो नि पंखा चालू राहतो, पण गीझर आणि एसी वायरमनने मुळातच इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेले नसतात. बऱ्याच आरव्हीत, खास करून जिथे इन्व्हर्टर नंतर बसवलाय आणि अख्खं पॅनल त्यावर आहे, तिथे काय चालवायचं नि काय नाही ती निवड तुम्हालाच करावी लागते. १५०० वॅटचा हेअर ड्रायर लावला तर बॅटरीतून १४० अँपच्या आसपास करंट निघतो. इतक्या करंटला केबल आणि जोड मिळून नुसता ०.००५ ओहम रोध (करंटला होणारा अडथळा) असला तरी ०.७ व्होल्ट तिथेच गळतात आणि शंभरेक वॅटची उष्णता तयार होते, म्हणून तर त्या केबल बोटाएवढ्या जाड असतात आणि नट ढिला राहिला की जळतो. १०० अँपअवरची लिथियम बॅटरी यावर पाऊण तास चालेल, तेवढीच लेड-अ‍ॅसिड त्याच्या निम्मा वेळही टिकत नाही, व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टर बीप करत बंद होतो.

म्हणून इन्व्हर्टरवर जाताना वॉटर हीटरचा इलेक्ट्रिक एलिमेंट बंद करा आणि फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर तो गॅसवर टाका. चार्जर वेगळा असेल तर तोही बंद, नाहीतर बॅटरीतून एसी वीज बनवायची आणि तीच परत बॅटरीत भरायची असं चक्र सुरू होतं आणि प्रत्येक फेरीत वीज उष्णता होऊन वाया जाते. आणि काहीच लावलेलं नसलं तरी २००० वॅटचा इन्व्हर्टर स्वतःसाठी २०-२५ वॅट खातो, दिवसभरात त्या लिथियम बॅटरीची जवळजवळ निम्मी वीज, तेव्हा नको असेल तेव्हा बंदच ठेवा. यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये तर ही काटकसर लागतेच, तिथे फिशिंग ब्रिज सोडला तर कुठल्याच कॅम्पग्राउंडला वीज जोडणी नाही.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. न्यूट्रल आणि अर्थ एकाच जागी जोडलेले हवेत, खांबावर असताना ती जागा गाडीच्या बाहेर असते आणि इन्व्हर्टरवर असताना इन्व्हर्टरच्या आत, आणि ही अदलाबदल आतला रिले करतो. खांबाचं अर्थिंग तुटलेलं असेल आणि गाडीत कुठे गळती असेल तर गाडीच्या पत्र्यालाच करंट येतो, पायरीवर ओल्या पायाने उभं राहून दाराला हात लावला की शॉक! त्यासाठी आणि उन्हाळ्यातल्या लो व्होल्टेजसाठी ईएमएस नावाचा डबा मिळतो, तो खांब तपासतो आणि व्होल्टेज साधारण १०४ च्या खाली गेलं की लाइन तोडतो. माझ्या मते लिथियम बॅटरीच्या आधी हा घ्यावा.

प्लग लावताना आणि काढताना खांबाचा ब्रेकर आधी बंद करायचा. लोड चालू असताना प्लग ओढला तर पात्यांवर ठिणगी पडते, त्या काळवंडतात, तिथला रोध वाढतो आणि पुढच्या वेळी एसी लावल्यावर प्लग तिथेच वितळायला लागतो. काळी पडलेली पाती दिसली तर घासून वापरत बसू नका, प्लग बदला.