पीसीबी आणि मुलांची बुद्धी : दोष नेमका कोणाचा?

1968 च्या फेब्रुवारीत पश्चिम जपानमध्ये कोंबड्या भराभर मरू लागल्या. माग काढत गेल्यावर खाद्यातले तांदळाच्या कोंड्याचे तेल सापडले. माणसेही तेच तेल खात होती, हे उघड व्हायला ऑक्टोबर उजाडला. तेलाचा वास घालवण्यासाठी ते तापवत, आणि त्यासाठीच्या नळ्यांतून गरम पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, एक औद्योगिक रसायन) फिरे. नळीला भोक पडले, पीसीबी तेलात उतरले.

1979 मध्ये तैवानमध्ये तसेच पुन्हा घडले. बाधित सुमारे दोन हजार. मेंदूवरच्या परिणामाची गोष्ट खरी तिथून सुरू होते. ते तेल खाल्लेल्या बायकांची मुले बुद्ध्यंकात इतर मुलांपेक्षा साधारण पाच गुणांनी मागे होती, वागणुकीच्या तक्रारीही जास्त. आईने ते तेल खाणे थांबल्यावर सहा वर्षांपर्यंत जन्मलेली मुलेही तितकीच मागे पडली, कारण चरबीत मुरलेले पीसीबी वर्षानुवर्षे निघत नाही.

घोळ आहे तो ‘पीसीबी विषबाधा’ या नावात. पीसीबी वारंवार तापले की त्यातून फ्युरान नावाची क्लोरीनयुक्त रसायने तयार होतात, आणि ते कितीतरी अधिक जहाल. मग दोष कोणाचा, पीसीबीचा की फ्युरानचा? जपानने रोगनिदानाच्या निकषांत रक्तातले फ्युरान घेतले ते थेट 2004 मध्ये. तोवर छत्तीस वर्षे गेली आणि रुग्ण कोणाला म्हणायचे यावर भांडणे चालूच राहिली. ‘पीसीबी तसे निरुपद्रवी’ म्हणणाऱ्यांना हा घोळ सोयीचाच होता.

म्हणून मला अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराकाठचा अभ्यास जास्त वजनाचा वाटतो. तिथे तापलेले पीसीबी नव्हते, बऱ्याच आया सरोवरातले पीसीबी मुरलेले मासे खात एवढेच. तिथली 212 मुले अकराव्या वर्षी तपासली. 1996 च्या निष्कर्षानुसार, गर्भात सर्वाधिक पीसीबी पोचलेल्या मुलांत बुद्ध्यंक कमी असण्याची शक्यता तिप्पट होती, आणि वाचून समजण्यात दोन वर्षे मागे असण्याची दुप्पट. मासे म्हटले की पारा आलाच, शिसेही. पण ते हिशेबात धरूनही फरक उरला. अंगावरच्या दुधातून पीसीबी जास्त जाते, तरी हा फरक जुळला गर्भातल्या संपर्काशीच. थायरॉइड संप्रेरकातला बिघाड हे त्याचे एक संभाव्य कारण.

भारतात पीसीबी मुख्यतः आले ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या पोटातून. 2016 च्या आदेशाने उत्पादन आणि आयात बंद झाली. वापराला मुदत होती 31 डिसेंबर 2025 ची. पण मुदत संपली म्हणून जुन्या ट्रान्सफॉर्मरमधले तेल नाहीसे होत नाही. ते भंगारात गेले आणि कोणी उघड्यावर पेटवले, तर पुन्हा तेच फ्युरान.