सांगली : छपाई, ग्रंथविक्री आणि भाषांतर

सांगली, मिरज आणि हरिपूर या कृष्णाकाठच्या गावांत, आणि पुढे सबंध सांगली जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून घडत आलेला ग्रंथव्यवहार. या व्यवहाराची जुनी उदाहरणे पाहिली, तर बहुतेक ठिकाणी एका भाषेतून दुसरीत, एका लिपीतून दुसरीत किंवा रंगभूमीवरून कागदावर आलेली कृतीच समोर येते. म्हणून छपाई, विक्री आणि भाषांतर यांचा विचार येथे एकत्र केला आहे.

भाषांतर, अनुवाद आणि रूपांतर हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात. ‘अनुवाद’ हा शब्द संस्कृत शास्त्रग्रंथांत आधी सांगितलेले पुन्हा सांगणे या अर्थाने येतो. एका भाषेतून दुसरीत नेणे हा त्याचा अर्थ मराठीत मागाहून रूढ झाला असावा. एकोणिसाव्या शतकातील मराठीत ‘भाषांतर’ हाच शब्द अधिक दिसतो. पात्रांची नावे, स्थळ आणि चालीरीती बदलून कृती आपल्याकडची केली की ते रूपांतर. सांगलीच्या संदर्भात हा शेवटचा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे.

मिरजेची छापील गीता : जिल्ह्यातील छपाईचा इतिहास १८०५ मध्ये मिरजेस छापल्या गेलेल्या भगवद्गीतेपासून सांगण्याची पद्धत आहे. तिची हकिकत अशी. १७८६ ते १७९७ या काळात पेशवे दरबारी इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटने छपाईची कला नाना फडणिसांच्या नजरेस आणली. पुण्यातील एका तांबटाकडून नागरी अक्षरे कोरून घेण्याचा प्रयत्न सुरू झाला आणि गीता छापावी असे ठरले. नानांचा मृत्यू १३ मार्च १८०० रोजी झाला आणि काम थांबले. त्यानंतर हा तांबट मिरजेस गेला व तेथील अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने गीता छापून पूर्ण झाली. त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी, १८०१ च्या सुमारास, चिंतामणराव पटवर्धन वेगळे होऊन सांगलीचे स्वतंत्र संस्थान झाले होते; त्यामुळे ही गीता ‘सांगली संस्थानची’ म्हणणे चुकीचे, ती मिरजेचीच. भारतातील छपाईचा इतिहास लिहिणाऱ्या अ. का. प्रियोळकरांनी (ग्रंथ १९५८) ही हकिकत अभ्यासकांच्या चर्चेत आणली.

या गीतेविषयी मतभेदाचे दोन मुद्दे आहेत. पहिला तंत्राचा. तांबटाने सुटे खिळे (एकेका अक्षराचे धातूचे ठसे) पाडले, की सबंध पान एकाच तांब्याच्या पत्र्यावर कोरले? सुट्या खिळ्यांच्या बाजूने बोलणारे मॅलेटच्या मूळ हेतूवर भर देतात. मुंबईत इंग्रजी छपाई सुट्या खिळ्यांनीच होत होती आणि त्याला तीच माहीत होती. मात्र मिरजेच्या कामासंबंधी पत्र्यावरील कोरीव छपाईचे मत अधिक ग्राह्य वाटते आणि बहुतेक अभ्यासकांचा कलही तिकडेच आहे. त्याला कारागिरीच्या बाजूनेही आधार मिळतो. तांब्यावर अक्षर कोरणे या प्रदेशाला नवे नव्हते. दानपत्रांचे ताम्रपट शतकानुशतके कोरले जात होते. तांबटाला नवे शिकायचे होते ते एवढेच, की ताम्रपटावरचे अक्षर डोळ्याने सरळ वाचायचे असते, तर छपाईच्या पत्र्यावर ते आरशातल्यासारखे उलटे हवे. वेलांटीचा फाटा उलट्या बाजूला, काना अक्षराच्या डावीकडे, ओळ उजवीकडून डावीकडे. सातशे श्लोक या रीतीने कोरणे हे हाताचे आणि डोळ्याचे केवढे काम असेल! शिवाय चूक झाली तर सुटा खिळा बदलता येतो. पत्र्यावर मात्र तेवढी जागा घासून, मागून ठोकून वर आणावी लागते आणि पुन्हा कोरावी लागते. या खटाटोपाचा विचार केला की गीतेनंतर मिरजेत दुसरे, तिसरे पुस्तक का निघाले नसावे याचेही उत्तर मिळते. पत्रे एका ग्रंथाचे असतात. खिळे सगळ्या ग्रंथांचे. या गीतेतून मिरजेत अखंड चालणारा छापखाना उभा राहिला असे दिसत नाही.

दुसरा मुद्दा अग्रक्रमाचा. ‘महाराष्ट्रातील पहिले छापील पुस्तक’ असे या गीतेचे वर्णन अनेक ठिकाणी केले जाते. ते करताना अटी सांभाळाव्या लागतात. गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले, पण रोमन लिपीत. सुरतेच्या भीमजी पारेखांनी १६७४ च्या सुमारास इंग्लंडहून छपाईचे यंत्र व कारागीर आणवला. देशी लिपीचे खिळे पाडण्यात मात्र यश आले नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण आणि मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर हे दोन्ही १८०५ चेच, आणि त्यांत नागरीचे सुटे खिळे वापरलेले. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये निघाले. तेव्हा आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत, देशी माणसाच्या पुढाकाराने, नागरी लिपीत छापलेला पहिला ज्ञात ग्रंथ एवढाच दावा मिरजेसाठी सुरक्षितपणे करता येतो. तो लहान नाही.

या तीन स्थळांची तुलना आणखी एका कारणासाठी उद्बोधक आहे. श्रीरामपूर आणि तंजावर येथे छपाईला भाषांतराची जोड मिळाली आणि पुस्तकांची माळ सुरू झाली. श्रीरामपुरातून पुढे मोडी लिपीतही ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४) यांसारखी पुस्तके आली. मिरजेने मूळ संस्कृत संहिता तेवढी छापली. त्या अर्थाने मराठी वाचकासाठीचे छापील पुस्तक मिरजेतून निघालेच नाही, हे खेदाने नोंदवावे लागते. नागरी छपाईचा मान सांगताना ही बाजू सहसा गाळली जाते.

लिप्यंतर : मिरजेच्या ग्रंथनिर्मितीचा पुढचा ठळक टप्पा वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांचा. मिरजेच्या हायस्कुलात शिक्षक असलेल्या खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतील मोडी कागद वाचून, बाळबोधीत उतरवून, १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने क्रमशः प्रसिद्ध केले. मोडीतून बाळबोधीत आणणे हे भाषांतर नव्हे, तरी वाचकाच्या दृष्टीने परिणाम तोच : जे वाचता येत नव्हते ते वाचता येऊ लागले. मिरजेत खरे यांच्या नावाचे वाचनालय आहे.

रंगभूमीमार्गे आलेले भाषांतर : विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले. त्याआधी कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ चिंतामणराव पटवर्धनांनी सांगलीत पाहिले होते आणि तसे काही मराठीत करण्याची आज्ञा भाव्यांना केली. भाव्यांनी त्यातून किती घेतले याविषयी एकमत नाही. आख्यानाची मांडणी घेतली आणि गद्य-पद्याचा ढंग आपला ठेवला, असे मानणे योग्य दिसते. कन्नडमधून मराठीत झालेले हे संक्रमण शब्दांचे नसून रीतीचे आहे. भाव्यांची नाट्यपदे छापील रूपात बऱ्याच उशिरा, १८८५ मध्ये, आली.

सांगलीजवळच्या हरिपूर येथे जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) हे मात्र पूर्ण अर्थाने भाषांतरकार. त्यांच्या सात नाटकांपैकी ‘शारदा’ (१८९९) हे एकच स्वतंत्र. ‘मृच्छकटिक’ आणि ‘विक्रमोर्वशीय’ संस्कृत नाटकांवरून, ‘शापसंभ्रम’ बाणाच्या ‘कादंबरी’वरून, ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, आणि ‘दुर्गा’ इंग्रजी नाटककार सदर्नच्या शोकांतिकेला गॅरिकने दिलेल्या ‘इझाबेला’ या रूपावरून. नाटकांची वर्षे पहिला प्रयोग धरला की छापील प्रत, यावर कोशांत एखाद-दोन वर्षांनी मागेपुढे होतात.

सातवे नाटक ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (१८९३), म्हणजेच पुढचे संगीत ‘संशयकल्लोळ’ (१९१६). याचे मूळ कोणते? काही जण थेट फ्रेंच नाटककार मोल्येरचे नाव घेतात. मोल्येरचे ‘स्गानारेल’ १६६० चे. त्यावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत ‘ऑल इन द राँग’ (१७६१) केले आणि देवलांपुढे होते ते मर्फीचे नाटक. मोल्येरला मूळ म्हणणे वंशावळीने बरोबर, पण देवलांनी फ्रेंचमधून भाषांतर केले असे त्यातून सुचवले जाते ते टाळावे. फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठी गद्यात आणि गद्यातून संगीतात असा हा अडीचशे वर्षांचा प्रवास आहे. एकीच्या हातून पडलेली छोटी तसबीर दुसरीला सापडते आणि नवरा-बायको एकमेकांवर संशय घेऊ लागतात, हा धागा सगळीकडे टिकला. बदलले ते घर. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली : फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, आणि नोकर भादव्या. पंचांग घरात टांगलेल्या प्रेक्षकाला ही नावे कानावर पडताक्षणी आपली वाटली असणार. शब्दाला शब्द न ठेवता असे घर बांधता येणे ही भाषांतराची फार मोठी पायरी आहे. रूपांतराला दुय्यम मानणाऱ्या समीक्षेने देवलांवर यात अन्याय केला, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

देवलांच्या काळी मूळ लेखकाची परवानगी हा प्रश्न फारसा उभा राहत नसे. १९१४ च्या कॉपीराइट कायद्यात भारतात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा खास हक्क दहाच वर्षे टिकत असे. १९५७ च्या कायद्याने भाषांतराचा हक्क मूळ हक्कदाराकडे ठेवला. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे तो आज लागू आहे.

विक्रीव्यवहार : जिल्ह्याच्या गावी पुस्तकाचे दुकान नुसत्या साहित्यावर चालत नाही. जून-जुलैत पाठ्यपुस्तके, वह्या आणि मार्गदर्शके यांच्या विक्रीवर वर्षाचे गणित बसते. कथा-कादंबरीचे कपाट त्या आधाराने उभे असते. दुसरा आधार ग्रंथालयांचा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखालील मान्यताप्राप्त वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि वर्गानुसार मिळणाऱ्या अनुदानातून ग्रंथखरेदी करतात. अनुदानाचा हप्ता लांबला की विक्रेत्याची उधारी लांबते, आणि त्याच्याकडून प्रकाशकाचे येणे. जिल्हा ग्रंथोत्सवातील गाळे आणि दिवाळी अंकांचे दिवस हे यातले रोखीचे प्रसंग.

भाषांतरित पुस्तकाला प्रकाशकाचा खर्च दुहेरी पडतो : मूळ हक्कांचे पैसे आणि भाषांतरकाराचे मानधन. सोळा पानांचा एक फर्मा. इंग्रजी मजकूर मराठीत येताना फुगला, की फर्मे वाढतात आणि किंमतही. हक्क ठराविक मुदतीचे असतात, त्यामुळे चांगले भाषांतर मुदत संपल्यावर बाजारातून नाहीसे होते आणि वाचनालयाच्या जुन्या बांधणीतच सापडते. उलट हक्कमुक्त झालेल्या लेखकाची तीन-तीन भाषांतरे एका फळीवर येतात. अशा वेळी गिऱ्हाइकाने तिन्हींचे पहिले पान उघडून हळू आवाजात वाचावे. जीभ जिथे अडखळत नाही ते घ्यावे. दुकानात उभ्याने होणारी ही तपासणी मुखपृष्ठावरच्या शिफारशीपेक्षा खात्रीची. भाषांतरकाराचे नाव कित्येकदा मुखपृष्ठावर नसते, आत बारीक टायपात असते. ते बाहेर, मूळ लेखकाच्या नावाखाली, ठळक असायला हवे.

वाचनालये आणि पूर : सांगलीचे नगर वाचनालय १८६९ चे. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात तेथील ग्रंथसंग्रहाचे मोठे नुकसान झाले. भिजलेल्या पुस्तकांत एक फरक दिसतो : साध्या कागदाचे पुस्तक फुगते, वाकडे होते, पण पाने अलग करून वाळवता येतात, गुळगुळीत आर्ट पेपरची पाने ओली असतानाच सुटी केली नाहीत तर एकमेकांना चिकटून वीट होते. गाळ बसलेले पुस्तक वाळले तरी पान उलटताना करकरते. ज्या भाषांतरांची दुसरी आवृत्ती निघालेली नसते, त्यांच्या बाबतीत अशा एका कपाटाचे बुडणे म्हणजे पुस्तकच बुडणे होय.

चर्चेची स्थळे : औदुंबर येथे मकरसंक्रांतीला भरणारे साहित्यसंमेलन हे जिल्ह्यातील ग्रंथचर्चेचे जुने ठिकाण; कवी सुधांशू यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. विलिंग्डन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे म. द. हातकणंगलेकर २००८ च्या सांगली येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

जिल्ह्याबाहेर गेलेले साहित्य : वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचे लेखन रशियनमध्ये गेले. माडगूळ येथे जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) राम देशमुख यांच्या भाषांतराने ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ (१९५८) म्हणून इंग्रजीत आली. नाव बदलले हे लक्षात घेण्यासारखे आहे. माणदेशी वाचकाला ‘वाडी’ म्हणताच मेंढरांची वस्ती, धाब्याची घरे आणि दोन-चार आडनावे दिसतात. परक्याला तो शब्द मुका, म्हणून त्या जागी भिंती नसलेले गाव आले. कादंबरीतल्या ‘कारभारी’ या शब्दात वय, अधिकार आणि घरपण एकत्र नांदते. त्याला इंग्रजीत जोड शोधताना तिन्हींतले एखादे निसटतेच.

दोन भाषांमधली ही ये-जा पुस्तकांपुरती नाही : जत तालुक्यात आणि मिरजेच्या पूर्वेकडील गावांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुले आजही आढळतात.