अमली पदार्थांच्या गुन्ह्यात जप्त झालेले वाहन सुपूर्दनाम्यावर परत कसे मागावे

अमली पदार्थ विरोधी कक्षाने, टास्क फोर्सने किंवा केंद्राच्या एनसीबीने (अमली पदार्थ नियंत्रण विभागाने) गांजा वा एमडी (मेफेड्रोन) पकडताना जप्त केलेली गाडी आपली असेल, पण आपण स्वतः आरोपी नसाल, तर खटला चालू असतानाही ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यास हजर करण्याच्या हमीवर तात्पुरत्या ताब्यासाठी, परत मागता येते. एनडीपीएस कायद्यात (अमली पदार्थांविषयीच्या केंद्रीय कायद्यात) तशी सोयच नाही, असे सांगून मालकांना अनेकदा परत पाठवले जाते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाममधील एका ट्रकच्या प्रकरणात अशी बंदी कायद्यात नसल्याचे स्पष्ट केले आहे.

अर्ज एनडीपीएसच्या विशेष न्यायालयात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ व ५०३ खाली करावा. गुन्हा क्रमांक, जप्ती पंचनाम्याची प्रत, आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र), विमा आणि ओळखपत्र जोडावे. त्यानंतर न्यायालय तपास अधिकाऱ्याचे म्हणणे मागवते. कक्षाच्या कार्यालयात खेटे घालण्यात दिवस घालवू नयेत, कारण गाडी सोडण्याचा हुकूम तिथून निघत नाही.

बहुतेक अर्ज अडतात ते एनडीपीएस कायद्याच्या कलम ६०(३) वर, म्हणजे अमली पदार्थ वाहून नेणारी गाडी सरकारजमा होऊ शकते असे सांगणाऱ्या कलमावर. ‘मला काहीच माहीत नव्हते’ एवढेच लिहून मालक थांबतात, आणि ते अगदी खरे असले तरी पुरत नाही. गाडीचा असा वापर मालकाला, त्याच्या प्रतिनिधीला आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्यालाही माहीत नव्हता, त्यात त्यांची संमती नव्हती, शिवाय प्रत्येकाने वाजवी खबरदारी घेतली होती, हे मालकाने सिद्ध करावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. म्हणूनच माल त्रयस्थ प्रवाशाकडे सापडला किंवा गाडी चोरीला गेली होती, तर काम तुलनेने सोपे असते. माल चालकाकडे किंवा क्लीनरकडे सापडला असेल, तर फार अवघड. खबरदारीचा पुरावा म्हणजे चालकाचे नेमणूकपत्र, त्याच्या परवान्याची प्रत, पगार बँकेतून दिल्याची नोंद, फेरीची बिल्टी (मालवाहतुकीची पावती), जीपीएसचा तपशील. आपल्याकडे चालक ओळखीवर ठेवला जातो आणि पगार रोख दिला जातो, त्यामुळे यातला एकही कागद मालकाजवळ नसतो. निदान बिल्टी, टोलच्या पावत्या आणि चालकाशी झालेले संदेश तरी ताबडतोब जपून ठेवावेत.

दुसरी अडचण आरसीवरच्या नावाची असते. जुनी गाडी घेऊन नाव न बदललेल्या माणसाने हप्ते फेडले असले, तरी कागदोपत्री मालक दुसराच असतो. अशा वेळी नोंदणीकृत मालकानेच अर्ज करणे किंवा त्याचे शपथपत्र जोडणे हिताचे. गाडीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आधीच आणावे.

याच कायद्याच्या कलम ६३ मधला ‘एक महिना’ सर्वाधिक चुकीचा वाचला जातो. जप्तीपासून महिना होण्याआधी आणि हक्क सांगणाऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय गाडी सरकारजमा करण्याचा हुकूम देऊ नये, असे ते बंधन आहे. मालकाने महिनाभर थांबावे, असा त्याचा अर्थ नाही, आणि महिना उलटला म्हणून अर्जाचा हक्कही जात नाही. पण उशीर करू नये, कारण कलम ५२अ खाली जप्त वाहनांची विल्हेवाट खटल्याआधीही लावता येते.

हुकूम झाल्यावरही माणसे अडकतात ती जामीनदारापाशी. न्यायालयाने सक्षम जामीनदार मागितला, तर तहसील कार्यालयातून मिळणारा ऐपतीचा दाखला लागू शकतो, आणि त्याला दिवस लागतात. अर्ज न्यायालयात असतानाच त्याची तजवीज करावी. गाडी ताब्यात देण्यापूर्वी तिची छायाचित्रे व चित्रफीत घेतली जाते. खटला संपेपर्यंत गाडी विकणार नाही आणि न्यायालयाने सांगितल्यास आठवड्याभरात हजर करीन किंवा तिची किंमत भरीन, अशी हमी आसामच्या प्रकरणात घेतली गेली होती. हप्ते थकले म्हणून मध्येच गाडी विकण्याचा मोह अनेकांना होतो; तसे केल्यास न्यायालयाला लिहून दिलेल्या बंधपत्राची (हमीपत्राची) रक्कम मालकाबरोबरच, भरवशावर सही केलेल्या जामीनदाराकडूनही वसूल होऊ शकते.