लाल रेघ कुठे आखायची?

छोट्या विमानाचा वेगमापक जवळून पाहिला तर तबकडीच्या कडेने रंगीत पट्टे दिसतात. पांढऱ्या पट्ट्यातल्या वेगांना फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली वळवायच्या झडपा) उघडे ठेवता येतात, हिरवा पट्टा रोजच्या उड्डाणाचा, पिवळा हवा अगदी शांत असेल तेव्हाचा. पिवळा संपतो तिथे एक लाल रेघ असते. तिच्यापुढे जायचं नाही. कारखान्यातून आलेल्या विमानात या खुणा तयारच मिळतात. गॅरेजमध्ये एकेक रिव्हेट ठोकून विमान बांधणाऱ्याला मात्र आराखड्यातून फक्त अपेक्षित आकडे मिळतात. तेही आराखडा करणाऱ्याच्या विमानाचे. आपल्या पंखाला बांधताना किंचित पीळ बसला असेल, शेपटीवर रंगाचा थर जाड चढला असेल, तर आपलं विमान थोडं निराळं वागणार. ते कसं वागतं हे उडवूनच कळतं.

घरी विमानं बांधण्याची सर्वात जुनी आणि मोठी परंपरा अमेरिकेत आहे. तिथल्या हौशी बांधणाऱ्यांची संघटना 1953 साली मिलवॉकीत सुरू झाली, आणि विमानाचे सुटे संच विकणाऱ्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतली, लोकांनी स्वतः जुळवलेली विमानंच आजवर दहा हजारांहून जास्त उडाली आहेत. आपल्याकडे असं वेड फार थोड्यांना लागतं. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, 2016 मध्ये ते मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि 2020 मध्ये धुळ्याला त्याच्या उड्डाण चाचण्या झाल्या. मधली वर्षं परवानग्यांत गेली.

अमेरिकेतल्या नियमानुसार नव्या विमानाला आधी चाचणीचा टप्पा पार करावा लागतो. वर्षानुवर्षं त्याचा हिशेब तासांत होत आला: साधारण 40 तास, आणि इंजिन-पंख्याची जोडी आधीच प्रमाणित असेल तर 25. आता तासांऐवजी ठरलेल्या चाचण्यांची यादी पूर्ण करण्याचीही सोय आहे. या काळात दाट वस्तीपासून दूर, आखून दिलेल्या भागातच उडायचं आणि हौसेखातर कुणाला सोबत घ्यायचं नाही.

सुरुवात वेगमापकापासूनच होते, कारण तोच चुकला तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो. चार दिशांना ठरावीक वेगाने उडायचं, जीपीएसवरचे वेग टिपायचे, सरासरी काढून वाऱ्याचा परिणाम बाद करायचा. मग विमान पुरेसं उंच नेऊन स्टॉल, म्हणजे वेग इतका उतरवायचा की हवा पंखाला सोडते आणि पंखाची उचल कोसळते. इंजिनाची ताकद कमी करून नाक हळूहळू वर धरायचं, सेकंदाला साधारण एक नॉट (तासाला सुमारे 1.85 किलोमीटर) वेग उतरेल इतक्या सावकाश. काही जण पंखावर लोकरीचे छोटे धागे चिकटवतात. हवा पंखाला धरून वाहते तोवर धागे सरळ मागे पडून असतात. ती सुटायला लागली की पंखाच्या मागच्या कडेजवळचे काही धागे वळवळतात, मग गोल फिरतात, आणि बघता बघता उलटे, पुढच्या बाजूला वळतात. त्याच सुमारास वैमानिकाच्या हातातल्या, विमान वळवायच्या दांडीला थरथर जाणवते आणि नाक खाली पडतं. तो वेग वहीत लिहायचा.

या एका आकड्यातून दुसरा निघतो. समजा स्टॉल 50 नॉटला झाला. पंखाची जास्तीत जास्त उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 100 नॉटला कुणी दांडी एकदम मागे ओढली तर पंख वजनाच्या चौपट भार घेऊ शकेल. सांगाडा 3.8 पट भारासाठी आखला असेल तर दांडी अशी ओढण्याची मुभा साधारण 97 नॉटपर्यंतच. त्याच्या आत पंख आधी स्टॉल होतो आणि सांगाडा वाचतो. विमान हलकं असेल तर हा वेग वाढेल असं वाटतं, पण तो कमी होतो! हलक्या विमानाचा स्टॉल कमी वेगाला होतो आणि तेवढ्याच हवेने त्याला जास्त हिसका बसतो.

नंतर गुरुत्वमध्य. बाजूच्या आसनावर आणि मागच्या सामानाच्या जागेत वाळूच्या पिशव्या ठेवून तो थोडा थोडा मागे सरकवत न्यायचा आणि दर खेपेला स्टॉल पुन्हा करून पाहायचा. शेपटीकडे वजन वाढलं की विमान दांडीला भलतंच हलकं लागतं, स्टॉलनंतर नाक खाली यायला कुरकुरतं, आणि गिरकी लागली, म्हणजे विमान गोल फिरत खाली कोसळू लागलं, तर बाहेर पडणं अशक्य होऊ शकतं. म्हणून टप्पे लहान हवेत. पिशव्या पट्ट्यांनी आवळून बांधायच्या. एखादी सुटून दांडीखाली अडकली तर चाचणी तिथेच संपते.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती फ्लटरची. फ्लटर म्हणजे फडफड, पण ही पतंगाच्या कागदाची नव्हे, अख्ख्या पंखाची किंवा शेपटीची. झोक्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिलं तर तो किती उंच जातो ते आपण नागपंचमीला पाहिलेलं असतं. पंख जरासा वर वाकला की त्याच्या मागच्या कडेला बिजागरीवर बसवलेला आयलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी फळी) आपल्या वजनामुळे मागे रेंगाळतो. वेग पुरेसा असेल तर हवा त्या रेंगाळण्याचा फायदा घेऊन पंखाला दर हेलकाव्यात नेमक्या वेळी ढकलते. मग पंख मोडायला काही सेकंद पुरतात. उपाय म्हणून बिजागरीच्या पुढे शिशाचं वजन बसवून आयलेरॉन तोलून घेतात. नुसता रंग नव्याने दिला तरी तोल पुन्हा तपासावा लागतो, आणि जोडांत जराही खुळखुळ चालत नाही.

चाचणीला पाठीवर पॅराशूट असतं आणि दार झटकन सुटेल अशी सोय केलेली असते. हाताशी उंची भरपूर ठेवायची. कमी वेगापासून सुरू करून प्रत्येक टप्प्यावर तळहाताने दांडीला एक टिचकीवजा ठोसा द्यायचा आणि हात सैल सोडायचा. विमान थरथरतं. ती थरथर एक-दोन हेलकाव्यांत विरली तर पाच नॉट वाढवायचे. पुन्हा ठोसा. सगळं लक्ष ती किती लवकर विरते याकडे. मागच्या खेपेपेक्षा एखादा हेलकावा जास्त वाटला तर इंजिन मंद करायचं, नाक अलगद वर घ्यायचं आणि त्या दिवशी थांबायचं. फडफड प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत जायचंच नसतं, कारण काही विमानांत ती इशारा न देता येते. लाल रेघ सिद्ध झालेल्या सर्वांत मोठ्या वेगापेक्षा किमान दहा टक्के अलीकडे आखतात. आराखडा करणाऱ्याने दिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची.

इथे उंचीचाही एक सापळा आहे. दहा हजार फुटांवर हवा विरळ असल्याने वेगमापक 150 नॉट दाखवतो तेव्हा विमान प्रत्यक्षात 174 च्या आसपास धावत असतं. स्टॉलला दाखवलेला वेग पुरतो, पण फडफडीचा संबंध बराचसा खऱ्या वेगाशी आहे. त्यामुळे जास्त ताकदीचं इंजिन बसवून उंच उडणाऱ्याला आपण लाल रेघ ओलांडली हे तबकडीवर कळतच नाही.

टप्पा संपला की मालक विमानाच्या नोंदवहीत सही करतो: ठरलेल्या चाचण्या पूर्ण झाल्या, सगळ्या नेहमीच्या वेगांना विमान ताब्यात राहतं, त्यात धोकादायक खोड आढळली नाही. खाली स्टॉलचा आणि चढाईचा वेग, आणि चाचणीच्या वेळचं वजन व गुरुत्वमध्य. त्यानंतर बाजूच्या आसनावरच्या वाळूच्या पिशव्या उतरवतात, आसन झटकून पुसतात, आणि इतकी वर्षं गॅरेजच्या दारात चहा घेऊन उभं राहिलेलं माणूस पहिल्यांदा तिथे बसतं.