कोण किती सुधारलं?

शर्यतीत पहिला कोण आला, हे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही दिसतं. सर्वाधिक प्रगती कोणाची, हे मात्र मोजावं लागतं. स्नेहसंमेलनात त्यासाठी वेगळी ढाल ठेवणाऱ्या शाळेने मोजणीकडे दुर्लक्ष केलं, तर ती ढाल मेहनतीऐवजी नशिबाला जाते.

पहिली चूक स्टॉपवॉचवर होते. 100 मीटरच्या शर्यतीत वेळ घेणारा शेवटच्या रेघेवर उभा असतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणून शिट्टी त्याच्या कानी पडेपर्यंत 0.29 सेकंद गेलेले असतात. पहिल्या चाचणीत घड्याळ शिट्टीवर सुरू केलं आणि दुसऱ्या चाचणीत झेंडी पाहून, तर मुलगी तेवढ्याच वेगाने धावूनही पाव सेकंदाने मंदावलेली दिसते. दोन्ही वेळा झेंडीच वापरावी. तीन घड्याळं लावून मधली वेळ धरावी आणि दोन घड्याळं जुळली तर ती.

कोकणात पाऊस आणि वारा हे दोन परीक्षक आणखी असतात. जुलैत चिखलात धावलेलं मूल जानेवारीत जांभ्याच्या कडक मैदानावर धावलं, की काहीही न करता सुधारतं. म्हणून पहिली चाचणी मैदान वाळल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात घ्यावी. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात. सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त वारा पाठीशी असेल, तर 100 मीटरचा विक्रमही मान्य होत नाही. तेव्हा दोन्ही चाचण्या सकाळीच, त्याच मैदानावर आणि त्याच दिशेने घ्याव्यात. दमसास मात्र भर पावसातही सभागृहात मोजता येतो. कॅनडाचे संशोधक ल्यूक लेजे यांच्या शटल चाचणीत, म्हणजे 20 मीटर अंतरावरच्या दोन रेघांमध्ये सतत ये-जा करण्याच्या चाचणीत, ताशी 8.5 किलोमीटरने सुरुवात होते आणि दर मिनिटाला वेग 0.5 ने वाढतो.

यापेक्षा फसवी चूक आकड्यांत दडलेली असते. पहिल्या चाचणीच्या दिवशी एखाद्याला ताप होता, वेळ वाईट लागली. पुढच्या वेळी तो आपल्या नेहमीच्या वेगावर परत येतो आणि कागदावर सर्वात मोठी प्रगती त्याचीच दिसते. टोकाची नोंद पुढच्या वेळी सरासरीकडे झुकते, हे ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं. उपाय सोपा आहे: वेगवेगळ्या दिवशी तीन प्रयत्न घ्यायचे, मधला धरायचा, आणि हे सुरुवातीला व शेवटी, दोन्हीकडे करायचं. एवढी एकच गोष्ट पाळली तरी निम्मे वाद मिटतील, असं वाटतं.

टक्केवारीही जपून वापरावी. 16.0 वरून 15.2 सेकंद म्हणजे 5 टक्के, 13.0 वरून 12.7 म्हणजे 2.3 टक्केच. पण वेग जितका जास्त, तितकी कमी करायला उरलेली वेळ थोडी, त्यामुळे दुसरं काम अधिक कठीण. सुरुवातीच्या वेळेनुसार गट पाडावेत. उंचीही नोंदवावी: मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलगे चौदाव्या वर्षी सर्वात झपाट्याने वाढतात, आणि त्या वर्षीची बरीच सुधारणा नुसत्या वाढीची असते.

चिकाटीच्या बक्षिसासाठी हजेरीपट हवा, पण शंभर टक्के हजेरीची अट नको. लावणीला शेतात उतरलेली, एसटी चुकली म्हणून राहिलेली मुलं आळशी नसतात. शिवाय वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखणं सामान्य आहे. हजेरीच्या भीतीने मूल ते लपवतं आणि धावत राहतं. दुखापत झालेल्या मुलाने मैदानावर येऊन घड्याळ धरलं, तर तोही दिवस भरलेला मानावा.

मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 साली बालवाडीतल्या, चित्रं काढण्याची आवड असलेल्या मुलांना ‘उत्तम खेळाडू’ असं प्रमाणपत्र दिलं. ते मिळणार हे ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर रंगीत पेनांकडे इतरांच्या निम्माच वेळ वळली. अनपेक्षित मिळालेल्यांची आवड टिकली. त्यामुळे निकष उघड असावेत, पण रोजच्या सरावात ढालीचं आमिष दाखवू नये. प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट’ एवढंच छापण्याऐवजी हाताने लिहावं: ऑक्टोबरात 15.8, जानेवारीत 15.1, सरावाच्या 62 दिवसांपैकी 57. ढाल न मिळालेल्या प्रत्येकालाही असाच आपापल्या नोंदीचा कागद द्यावा.